न्यायालयाचे दार, बातमीदाराचा पगार आणि परदेशी पैसा

विदेशी देणगी नियमन कायद्याच्या, म्हणजे एफसीआरएच्या, कलम 3 मध्ये परदेशातून पैसा घेण्यास कोणाकोणाला मनाई आहे याची यादी दिलेली आहे. निवडणुकीतले उमेदवार, आमदार, खासदार आणि राजकीय पक्ष त्या यादीत असणार हे कोणीही न वाचता सांगेल. पण त्यांच्याच पंक्तीत नोंदणीकृत वृत्तपत्राचा बातमीदार, स्तंभलेखक, व्यंगचित्रकार, संपादक, मालक, मुद्रक आणि प्रकाशक बसलेले आहेत आणि त्यांच्या लगेच खालच्या उपकलमात न्यायाधीश आणि सरकारी कर्मचारी आहेत. मूळ कायदा 1976 चा, म्हणजे ऐन आणीबाणीतला. 2010 मध्ये त्याच्या जागी नवा कायदा आला तेव्हा ही यादी आखडली नाही, उलट बातम्यांचे दृक्‌श्राव्य प्रसारण करणाऱ्या संस्था आणि कंपन्या तिच्यात वाढल्या. न्यायालयांचा कारभार उघडा करण्यासाठी आणि शोधपत्रकारितेला बळ देण्यासाठी परदेशी मदत घ्यावी का, यावर जगात तीसेक वर्षे वाद चालू आहे. आपल्याकडे कायद्याने तो एका कलमात निकालात काढला आहे.

त्यामुळे मुंबईत हा विषय निघाला की बहुतेक वेळा "आपल्याला काय त्याचे" या सुरावर संपतो. मला तो असा संपवणे पटत नाही. वृत्तसंस्थांच्या पगारासाठी परदेशी पैशाचे दार आपल्याकडे उघडावे, असे माझे म्हणणे नाही. मात्र त्या पैशाने इतरत्र कोणती कामे टिकली आणि कोणती देणगीदाराबरोबर उठून गेली, हे पाहिले तर आपल्याच तिजोरीतला पैसा कुठे लावावा हे पुष्कळ स्पष्ट होते.

आधी अलीकडचा हिशेब पाहू. 20 जानेवारी 2025 रोजी सत्तेवर येताच डोनाल्ड ट्रम्प यांनी परदेशी मदत नव्वद दिवसांसाठी थांबवण्याचा आदेश काढला आणि 1 जुलै 2025 पासून यूएसएड ही अमेरिकी सरकारची मदतसंस्था स्वतंत्रपणे कामच करेनाशी झाली. त्याचा फटका दवाखाने आणि अन्नछत्रे यांना बसला तसाच शोधपत्रकारितेलाही बसला. ओसीसीआरपी या नावाने ओळखले जाणारे, 2006 मध्ये ड्रू सुलिव्हन आणि पॉल राडू यांनी उभे केलेले, संघटित गुन्हेगारी आणि भ्रष्टाचारावर काम करणारे पत्रकारांचे जाळे या तडाख्यात सापडले आणि त्याला बरीच माणसे कमी करावी लागली. युक्रेनमध्ये तर कित्येक स्वतंत्र वृत्तसंस्थांचा महिन्याचा खर्चच अनुदानावर चालत होता. एका दूरच्या राजधानीत एक सही झाली आणि कीव्हमधल्या बातमीदाराचा पगार थांबला.

याच ओसीसीआरपीवर डिसेंबर 2024 मध्ये फ्रान्सच्या 'मीडियापार'ने आणि तिच्या सहकारी वृत्तसंस्थांनी एक मोठी बातमी केली होती. संस्थेच्या एकूण निधीपैकी जवळजवळ निम्मा अमेरिकी सरकारकडून येतो आणि वरिष्ठ पदांवरच्या नेमणुकांना नकार देण्याचा अधिकार त्या सरकारला करारानेच मिळालेला आहे, असा तिचा सारांश होता. निधी मिळतो हे संस्थेने कधी लपवले नव्हते. संपादकीय कामात त्याचा हस्तक्षेप होतो हे मात्र तिने साफ नाकारले. मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. कोणी फोन करून "ही बातमी दाबा" असे सांगत नसेलही, पण निम्मा पैसा ज्याच्या हातातून येतो त्याच्याकडे बातमीदाराची नजर आपोआप कमी वळते, हे कळायला फार मोठा अभ्यास लागत नाही. जाहिरातींवर चालणाऱ्या आपल्या वृत्तपत्रांतून बिल्डरांच्या बातम्या कशा येतात, किंवा येत नाहीत, हे ज्याने पाहिले आहे त्याला तर मुळीच लागत नाही.

पगाराचा पैसा असा नाजूक असतो. दप्तरासाठी, म्हणजे नोंदींसाठी लावलेल्या पैशाची गोष्ट वेगळी आहे आणि तिचे सर्वांत चांगले उदाहरण पुन्हा युक्रेनचेच आहे. तिथल्या संसदेने 2005 च्या अखेरीस कायदा करून न्यायालयीन निकालांची एक राष्ट्रीय नोंदवही स्थापन केली आणि 2006 पासून ती लोकांसाठी विनामूल्य खुली झाली. तालुक्याच्या न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंतचे निकाल आणि आदेश तिच्यात येतात. खासगी व्यक्तींची नावे झाकून त्या जागी 'व्यक्ती 1', 'व्यक्ती 2' अशी खूण केलेली असते. तिथल्या पत्रकारांनी मग तारीख, कंपनीचे नाव, जमिनीचा तुकडा आणि रक्कम यांची सांगड घालून 'व्यक्ती 1' कोण हे ओळखण्याची स्वतःची पद्धत बसवली आहे. एखाद्या अधिकाऱ्याचे बंगले कोणाच्या नावावर आहेत, तपासयंत्रणेने कोणत्या दिवशी कोणाच्या घराची झडती घ्यायची परवानगी मागितली, हे त्यांना अनेकदा पोलिसांच्या खबऱ्याकडून कळत नाही, या नोंदवहीतून कळते. 2022 मध्ये रशियाचे आक्रमण सुरू झाल्यावर सुरक्षेच्या कारणाने ती काही महिने बंद ठेवली होती, आणि पुढे पुन्हा खुली केली.

त्याच देशात नाणेनिधी आणि युरोपीय देश यांच्या दबावातून 2018 मध्ये उच्च भ्रष्टाचारविरोधी न्यायालयाचा कायदा झाला आणि सप्टेंबर 2019 मध्ये त्याचे काम सुरू झाले. त्याचे न्यायाधीश निवडताना परदेशी तज्ज्ञांच्या एका मंडळाला संशयास्पद उमेदवार अडवण्याचा अधिकार दिला होता आणि त्यांनी तो वापरलाही. दुसऱ्या देशाच्या न्यायाधीशांवर परक्यांनी फुली मारावी ही गोष्ट माझ्या गळी सहज उतरत नाही. आपल्याकडे असे काही सुचवणाऱ्याला सगळे पक्ष एकजुटीने झोडपतील आणि त्यात त्यांचे फारसे चुकणारही नाही. तरीही मे 2023 मध्ये युक्रेनच्या भ्रष्टाचारविरोधी यंत्रणेने थेट सर्वोच्च न्यायालयाच्या अध्यक्षालाच लाचेच्या आरोपावरून ताब्यात घेतले. हे एरवी कोणी कल्पनेतही आणले नसते, हेही मान्य करावे लागते.

बोस्नियाचा अनुभव याच्या उलट दिशेचा आहे. तिथे युद्धानंतर न्यायव्यवस्थेवर परदेशांनी प्रचंड पैसा खर्च केला. 2004 मध्ये साराजेव्होत शोधपत्रकारितेचे एक केंद्र उभे राहिले, त्यालाही परदेशी मदतीचाच आधार होता, आणि राजकारण्यांच्या मालमत्तेची जंत्री त्या केंद्राने लोकांपुढे ठेवली. आणि त्याच देशाच्या राज्य न्यायालयाने 2012 मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचे कारण सांगून निकालांतली नावे झाकायला सुरुवात केली. युद्धगुन्ह्यात दोषी ठरलेला माणूसही कागदावर केवळ आद्याक्षरांनी उरला. ज्या आईच्या मुलाला मारले गेले तिने निकाल वाचावा आणि मारणाऱ्याच्या नावाच्या जागी दोन अक्षरे पाहावी, असा तो प्रकार होता. पत्रकार आणि पीडितांच्या संघटना यांनी तो विषय लावून धरला तेव्हा कुठे धोरण बदलले. इमारत, संगणक आणि प्रशिक्षण हे सगळे असूनही न्यायालय एका परिपत्रकाने स्वतःला बंद करून घेऊ शकते, आणि ते उघडायला बाहेर ओरडणारे कोणी तरी लागतेच.

कोसोव्होत 'बिर्न' या बाल्कन देशांतल्या शोधपत्रकारांच्या संस्थेने हे ओळखून एक साधा उद्योग केला. तिने परदेशी निधीतून तरुण निरीक्षक नेमले आणि त्यांना रोज न्यायालयात नुसते बसवले. सुनावणी ठरल्या वेळी सुरू झाली का, कोर्टरूममध्ये झाली की न्यायाधीशांच्या दालनात उरकली, पुढची तारीख कोणत्या कारणाने पडली, आजच्या कामाची यादी दाराबाहेर लावली होती का, एवढेच त्यांनी टिपायचे. खटला मोठा असो की भांड्याकुंड्यांच्या चोरीचा, टिपण तेच. सुनावण्या कोर्टरूम सोडून दालनातच उरकल्या जातात, तिथे बाहेरच्या माणसाला बसायला खुर्चीसुद्धा नसते, ही बाब अशा टिपणांतूनच पुढे आली. घोटाळा उघडकीला आणल्याची झिंग या कामात नाही. पण मला विचाराल तर परदेशी पैशाचा यापेक्षा चांगला उपयोग मी पाहिलेला नाही.

आता मुंबईकडे येऊ. खुल्या न्यायालयाचे तत्त्व आपल्या कायद्यात आहेच. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते कलम 327 मध्ये होते, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम 366 मध्ये आहे. त्या तत्त्वाला सर्वांत मोठा अपवाद ज्या खटल्याने घालून दिला तो मात्र आपल्या फोर्टातल्या उच्च न्यायालयातलाच आहे. 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने 1960 मध्ये छापलेल्या एका लेखावरून उद्योगपती कृष्णराज ठाकरसी यांनी संपादक रुसी करंजिया यांच्यावर तीन लाख रुपयांच्या अब्रुनुकसानीचा दावा लावला. त्यात एका साक्षीदाराने तक्रार केली की, आपली आधीची साक्ष वर्तमानपत्रांत आल्याने धंद्याचे नुकसान झाले, तेव्हा यापुढची छापू नये. न्यायमूर्ती तारकुंडे यांनी तसा तोंडी आदेश दिला. 'ब्लिट्झ'चे बातमीदार नरेश मिरजकर आणि इतर पत्रकार अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयात गेले. नऊ न्यायाधीशांच्या पीठाने 3 मार्च 1966 रोजी त्यांची याचिका फेटाळली. सरन्यायाधीश गजेंद्रगडकर यांच्या बाजूने बहुमत होते आणि हिदायतुल्ला एकटे विरोधात होते. ज्या तारकुंड्यांनी पुढे आणीबाणीत आणि नंतर नागरी स्वातंत्र्याच्या चळवळीचे नेतृत्व केले त्यांचाच तो आदेश असावा, हा योग विलक्षण आहे. त्या निकालाचा आधार आजही घेतला जातो. 2012 च्या सहारा विरुद्ध सेबी या प्रकरणात वार्तांकन काही काळ लांबणीवर टाकण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला तेव्हाही तो घेतला गेला.

हा झाला कायदा. रोजचा अनुभव याहून किरकोळ आणि म्हणूनच जास्त त्रासाचा असतो. समजा, मुंबईतल्या एखाद्या दंडाधिकाऱ्यापुढे चाललेल्या प्रकरणाची माहिती तुम्हाला हवी आहे. त्या प्रकरणाचा सोळा अंक-अक्षरांचा सीएनआर क्रमांक हाताशी असेल तर ई-कोर्टच्या संकेतस्थळावर पुढची तारीख लगेच दिसते. आज काय झाले ते रोजनाम्यात असते, पण तिथे बहुधा "आरोपी हजर, वकिलांचा मुदतीचा अर्ज, मंजूर" इतकाच मजकूर सापडतो. अर्जात काय म्हटले होते, सरकारी वकिलांनी विरोध केला की मान खाली घातली, आरोपपत्राला जोडलेल्या कागदांत काय आहे, हे पाहायचे तर नक्कल काढावी लागते. तुम्ही त्या प्रकरणात पक्षकार नसाल तर अर्जाबरोबर कारण द्यावे लागते आणि ते कारण पुरेसे आहे की नाही हे समोरच्याने ठरवायचे असते. माहिती अधिकाराची वाट इथे चालत नाही, कारण न्यायालयीन कागदपत्रांसाठी न्यायालयाच्या स्वतःच्या नियमांनीच गेले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2020 मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात ठरवून दिले आहे. त्यातच 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्याच्या कलम 8(1)(ञ) मधली, जनहितासाठी वैयक्तिक माहिती देण्याची सोय काढून टाकली. बोस्नियाने केले तेच आपण जरा सभ्यपणे करत आहोत, अशी शंका मला येते.

आणि तरीही याच शहरात, याच उच्च न्यायालयात, 13 ते 22 जुलै 1908 या दिवसांत चाललेल्या टिळकांच्या खटल्याचा तपशीलवार वृत्तांत त्याच वर्षी छापून निघाला. प्रश्न कोणी काय विचारले, टिळक ज्युरीपुढे काय बोलले, न्यायमूर्ती दावर यांनी शिक्षा सुनावताना कोणते शब्द वापरले, हे शंभराहून अधिक वर्षांनंतरही आपल्याला वाचता येते. गेल्या मंगळवारी कुर्ल्याच्या न्यायालयात एखाद्या झोपडीवासीयाच्या प्रकरणात काय बोलले गेले, हे मात्र बुधवारी कोणालाच सांगता येत नाही.

यात अडचण पैशाची आहे का? मुळीच नाही. ई-कोर्ट प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2023 मध्ये चार वर्षांसाठी 7,210 कोटी रुपये मंजूर केले. दुसऱ्या टप्प्याची तरतूद 1,670 कोटींची होती. हा सगळा आपला, करदात्यांचा पैसा आहे. त्यातून काही खरोखर चांगलेही झाले आहे. स्वप्नील त्रिपाठी प्रकरणात 2018 मध्ये थेट प्रक्षेपणाचे तत्त्व मान्य झाले आणि 27 सप्टेंबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठांचे प्रक्षेपण सुरू झाले. त्या पहिल्याच दिवशीच्या प्रकरणांत शिवसेनेचा वाद होता आणि तो महाराष्ट्राने दुपारचे जेवण बाजूला ठेवून पाहिला. मुंबई उच्च न्यायालयानेही 2025 मध्ये काही पीठांपुरते प्रक्षेपण सुरू केले. पण सामान्य माणसाचे न्यायालय म्हणजे घटनापीठ नव्हे. ते धोबी तलावाचे लघुवाद न्यायालय, दिंडोशी, वांद्रे, कुर्ला. प्रक्षेपणाचा झोत तिथवर पोचत नाही आणि मराठी वर्तमानपत्रांचे बातमीदारही तिथे पूर्वीइतके दिसत नाहीत. उच्च न्यायालयातली मोठी सुनावणी कायद्याला वाहिलेली इंग्रजी संकेतस्थळे मिनिटामिनिटाला देतात. खालच्या न्यायालयातल्या दिवसाला बहुतेक वेळा साक्षीदारच नसतो.

शोधपत्रकारितेला परदेशी पैसा लागतोच, असेही आपला इतिहास सांगत नाही. 1981 मध्ये अरुण शौरी यांनी 'इंडियन एक्स्प्रेस'मधून अंतुले यांच्या प्रतिष्ठानांना बिल्डरांकडून मिळणाऱ्या देणग्या आणि सिमेंटचे वाटप यांचा संबंध दाखवला, तो कागदपत्रांच्या जोरावर. आणि जानेवारी 1982 मध्ये न्यायमूर्ती लेंटिन यांच्या निकालानंतर मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावे लागले. वृत्तपत्राने कागद काढायचे, न्यायालयाने ते तपासायचे, अशी ती जोडी होती. कोल्हापूर प्रकरणात 1882 मध्ये टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढून आले, तेव्हाही त्यांच्या बचावाचा खर्च लोकांनी वर्गणी काढून उचलला होता. आज एखाद्या तालुक्याच्या गावातल्या बातमीदारावर कोटींच्या अब्रुनुकसानीची नोटीस आली तर वकिलाच्या पहिल्या फीलाच त्याचे कंबरडे मोडते. परदेशांत अशा बचावासाठी 'रिपोर्टर्स शील्ड' नावाची योजना 2023 मध्ये सुरू झाली, तिलाही सुरुवातीचे भांडवल अमेरिकेच्या मदतीतून मिळाले होते. आपल्याकडे असा निधी पत्रकार संघ, वकिलांच्या संघटना आणि वाचक यांनी मिळून का उभारू नये, याला मला एकही चांगले कारण दिसत नाही.

परदेशी पैशाविषयीचा संशय मी समजू शकतो. त्यातला दुटप्पीपणा मात्र सांगितलाच पाहिजे. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2014 मध्ये भाजप आणि काँग्रेस या दोन्ही पक्षांनी परदेशी कंपनीशी जोडलेल्या कंपन्यांकडून देणग्या घेऊन याच कायद्याचा भंग केल्याचा निष्कर्ष काढला. त्यावर संसदेने 2016 आणि 2018 च्या वित्त कायद्यांतून परदेशी स्रोताची व्याख्याच पूर्वलक्षी प्रभावाने, थेट 1976 पर्यंत मागे जाऊन, बदलून टाकली. अशी मेहेरबानी व्यंगचित्रकारांच्या वाट्याला आली नाही. उलट न्यूजक्लिक या वृत्तसंकेतस्थळाचे संपादक प्रबीर पुरकायस्थ यांना ऑक्टोबर 2023 मध्ये परदेशी पैशाच्या आरोपावरून यूएपीए या बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायद्याखाली अटक झाली. अटकेची कारणे लेखी दिली नाहीत म्हणून ती अटक सर्वोच्च न्यायालयाने मे 2024 मध्ये बेकायदा ठरवली. आणि दुसऱ्या देशाच्या न्यायव्यवस्थेला मदत करणे आपल्याला निषिद्ध वाटते म्हणावे, तर मॉरिशसच्या सर्वोच्च न्यायालयाची नवी इमारत भारताच्याच अनुदानातून उभी राहून जुलै 2020 मध्ये तिचे उद्घाटन झाले. आपणही इमारतच दिली, नोंदवही नाही, एवढे नोंदवून ठेवतो.

सगळेच उघडे करा, असे मी म्हणत नाही. कौटुंबिक न्यायालयातली भांडणे, बालकांवरील अत्याचाराचे खटले, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाची प्रकरणे यांत नाव झाकणे हाच न्याय असतो. तिथे कुतूहलापेक्षा माणसाची अब्रू मोठी आहे. पण जमीन, पुनर्विकास, पालिकेची कंत्राटे, बुडीत पतपेढ्या आणि लाचलुचपत या प्रकरणांतले आदेश, आरोपपत्रे आणि प्रतिज्ञापत्रे झाकून कोणाची अब्रू वाचते, हे एकदा कोणी तरी समजावून सांगावे.

म्हणून त्या 7,210 कोटींतला थोडासा वाटा दोन कामांवर लागावा. दंडाधिकारी आणि लघुवाद न्यायालयांतले सर्व अंतिम आदेश, मराठीतले मराठीत, शब्द टाकून शोधता येतील अशा स्वरूपात, निकालानंतर ठरावीक दिवसांत संकेतस्थळावर यावेत. आज अनेकदा स्कॅन केलेली तिरकी पाने मिळतात, ज्यांत संगणकाला एक अक्षर सापडत नाही. आणि पक्षकार नसलेल्या अर्जदाराला नक्कल नाकारली तर ती का नाकारली हे अर्जावरच एका ओळीत लिहून सही करण्याचे बंधन कारकुनावर आणि त्याच्या वरिष्ठावर असावे. दुसऱ्या कामाला तर पैसाही लागत नाही, उच्च न्यायालयाचे एक परिपत्रक पुरते. कोसोव्होसारखे रोज कोर्टात बसून टिपणे घेणारे निरीक्षक नेमायचे, तर मुंबईतल्या विधी महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाच्या मुलांना न्यायालयभेटी सक्तीच्याच आहेत. त्या भेटींच्या वह्या आज परीक्षकाची सही होऊन रद्दीत जातात.